घरची वही: तिसरीच्या एका वर्गातला आठवडी गृहपाठ

शिवडी-काळाचौकी पट्ट्यातल्या एका महापालिका शाळेत, मराठी माध्यमाच्या तिसरीच्या वर्गशिक्षिकेने जूनअखेर रोजचा गृहपाठ बंद केला. त्याच्या जागी आठवड्याला एकच काम आलं, आणि तेही असं की घरातल्या मोठ्या माणसाशी बोलल्याशिवाय पुरं होऊ नये. पहिल्या दोन महिन्यांत हा बेत जवळजवळ बारगळला. गणपतीनंतर तो सावरला आणि वर्ष संपेपर्यंत टिकला. मी शिक्षकांसोबत काम करते, त्यामुळे त्या वर्गात माझं वर्षभर जाणंयेणं होतं. मुलांच्या वह्या, पालकसभा, वर्गातल्या गप्पा हे सगळं जवळून पाहता आलं. शाळा, मुलं किंवा पालक ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

या वर्षात माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, ती आधीच सांगते. मुलांबरोबर घरी काय पाठवावं यावर शिक्षक पुष्कळ बोलतात. ते परत आल्यावर वर्गात त्याचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. या वर्गात सगळा फरक तिथे पडला.

वर्ग आणि घरं

वर्गाचा पट पस्तिसाच्या आसपास. बऱ्याच मुलांचे आजोबा गिरणीत किंवा गोदीत होते; गाव सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, नाहीतर घाटावर सातारा-कोल्हापूरकडे. आई-वडिलांची कामं आता वेगळी आहेत: लोअर परळच्या ऑफिसांत हाउसकीपिंग, मॉलमध्ये सिक्युरिटी, टॅक्सी, मोटरसायकलवरून पार्सल पोचवणं, चार घरची धुणीभांडी, पोळ्या करून देणं. काही कुटुंबं चाळीत, काही झोपडपट्टीत, काही पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरात.

आधीचा गृहपाठ बहुतेक शाळांत असतो तसाच होता. रोज दहा ओळी शुद्धलेखन, एक पाढा, धड्याखालचा स्वाध्याय. शनिवारी ‘प्रकल्प’. प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, चित्रं कापायची आणि वहीत डकवायची. ‘वाहतुकीची साधने’ या विषयावर सगळ्या वह्यांमध्ये तेच विमान आणि तीच बैलगाडी. ज्यांचं काम राहिलं ती मुलं उभी राहायची, आणि रोज उभी राहणारी मुलं ठरलेली होती. बाईंनी एकदा त्यांच्या घरची चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यातल्या बहुतेकांची आई रात्री नऊनंतर घरी येते.

यातलं काहीच नियमाला धरून नव्हतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात स्पष्ट म्हटलं आहे की दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरीपासून आठवड्याला २ तास पुरेत. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने तिसरी ते पाचवीसाठी हीच मर्यादा पुन्हा सांगितली. मुलांवरच्या ओझ्याबद्दल यशपाल समितीने १९९३ मध्येच बजावलं होतं. आठवड्याला २ तास म्हणजे दिवसाला वीस मिनिटंही नाहीत. या वर्गातल्या मुलांचा नुसता स्वाध्याय उतरवण्यातच तेवढा वेळ जात होता.

मग गृहपाठ दिला का जातो? पालक मागतात म्हणून, हे बाईंचं सरळ उत्तर. शाळा सुटताना फाटकापाशी आया विचारतात, “बाई, घरी काहीच देत नाही का?” या प्रश्नाला पालकांचं अज्ञान समजून उडवून लावणारे बरेच जण मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. ज्या आईला पालकसभेसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते, तिला शाळेत काय चाललंय ते दाखवणारी एकच खिडकी असते, ती म्हणजे मुलाची वही. गृहपाठ पूर्ण थांबवला असता तर तीही बंद झाली असती. म्हणून बाईंनी तो थांबवला नाही, बदलला.

जुलै-ऑगस्टमधली पत्रकं

सुरुवात झेरॉक्स काढलेल्या पत्रकांनी झाली. शुक्रवारी पत्रक द्यायचं, सोमवारी भरून आणायचं.

पहिल्याच पत्रकात प्रश्न होता: काल रात्री तुमच्या घरी काय जेवण होतं, कुणी केलं, कोणत्या वस्तू लागल्या? हा प्रश्न बाईंनी मनाने काढला नव्हता. दप्तर धोरणातच सुचवलं आहे की तिसरी-चौथीच्या मुलांना रात्रीच्या जेवणाबद्दल, ते बनवायला लागणाऱ्या कष्टांबद्दल वर्गात बोलायला सांगावं. कागदावर चांगलाच वाटतो. सोमवारी जवळजवळ प्रत्येक पत्रकावर एकच उत्तर आलं: वरण, भात, पोळी, भाजी. भाजी कोणती, तर बटाट्याची.

मुलं खोटं का लिहितात, असं बाईंनी विचारलं नाही. त्यांना कारण दिसत होतं. एखाद्या घरी त्या रात्री वडापाववर भागलं असेल, एखाद्या घरी चहा आणि खारी. आणि ज्या घरी त्या दिवशी मटण शिजलं होतं, त्यांनाही ते लिहावंसं वाटलं नाही, कारण तो श्रावण होता. आठ वर्षांच्या मुलाला वर्गात काय सांगायचं आणि काय नाही हे नीट कळतं. मुंबईत कुणाच्या घरी काय शिजतं यावरून भाड्याची खोली मिळते किंवा नाकारली जाते. मुलं हे ऐकतच मोठी होतात. धोरण लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण हा प्रश्न इथल्या वर्गात निरुपद्रवी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे बाईंनी तो बदलला: तुमच्या घरात कोणता पदार्थ कुणाच्या हातचा चांगला होतो, आणि तो कसा करतात? आता कुणालाच कमीपणा वाटायचं कारण उरलं नाही. तांदळाचे घावणे, सुक्या बोंबलाची चटणी, हुलग्याचं माडगं, असं बरंच काही वह्यांमध्ये आलं. एका मुलाने लिहिलं, “पप्पा ऑम्लेट.” कृतीत मिरची किती हे मात्र त्याने बरोबर मोजून लिहिलं होतं.

दुसरं पत्रक फसलं ते वेगळ्याच कारणाने. ‘सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत शिवडीच्या किल्ल्यावर जा आणि काय दिसलं ते लिहा.’ किल्ला बहुतेकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरीही मोजकीच मुलं जाऊन आली. पाऊस होता हे एक. खरं कारण पालकसभेत कळलं. मॉलमधल्या सिक्युरिटीवाल्यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी येते. रविवारी त्यांना सुट्टी मिळतच नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना तर ठरलेली सुट्टी क्वचितच असते. शुक्रवार ते सोमवार हे गणित ऑफिसात काम करणाऱ्यांच्या आठवड्यावर बेतलेलं होतं, आणि या वर्गातल्या फार थोड्या घरांचा आठवडा तसा होता.

तिसरी अडचण सगळ्यात आधी माझ्या लक्षात आली, कारण मी पत्रकं एकदम चाळत होते. दहा-बारा पत्रकांवर एकच सुंदर, गोल अक्षर. चाळीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी संध्याकाळी शिकवणी घेते. मुलं पत्रक घेऊन तिच्याकडे जात आणि ती सगळ्यांना सारखं लिहून देई. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शाळेतून आलेलं काम पूर्ण करून देण्यासाठीच तर पालक तिला महिन्याला पैसे देतात.

पालकसभा

ऑगस्टमधल्या पालकसभेत नाराजी उघड झाली. एका वडिलांनी उभं राहून विचारलं, “बाई, आमची मुलं पाढे कधी पाठ करणार? हे गप्पाबिप्पा आम्ही करतोच की घरी.” एक आजी म्हणाल्या, “माका वाचूक येणा नाय, कागद हातात धरून मी काय करू?” कुणीतरी मागून म्हणालं, की बाजूच्या इंग्लिश मीडियममध्ये रोज दोन पानं देतात.

बाईंनी तिथल्या तिथे समर्थन केलं नाही. पाढ्यांची काळजी रास्त आहे हे मान्य केलं आणि रोज सकाळी वर्गातच दहा मिनिटं पाढे घेण्याचं कबूल केलं. ते त्यांनी वर्षभर पाळलं. मग त्यांनी उलटे प्रश्न विचारले. तुमच्या सुट्टीचा दिवस कोणता? मुलाशी निवांत बोलणं कधी होतं? घरात मुलाजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? उत्तरं त्या फळ्यावर लिहीत गेल्या. आईबरोबरीने आजीचं नाव आलं. बोलायची वेळ म्हणून पाणी भरताना, शाळेत सोडायला जाताना, आणि रात्री अंथरूण घातल्यावर दिवा मालवण्याआधी, या तीन वेळा पुन्हा पुन्हा आल्या. टेबल-खुर्चीवर बसून अभ्यास घ्यायची वेळ कुणीच सांगितली नाही.

पुढचे सगळे बदल त्या फळ्यावरून निघाले.

काय बदललं

झेरॉक्स बंद झाली. महापालिका मुलांना दरवर्षी २७ शालेय वस्तू मोफत देते, त्यातली एक वही ‘घरची वही’ म्हणून वेगळी काढली. प्रश्न फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा. खर्च वाचला, आणि शुद्धलेखनाची तक्रार करणाऱ्यांनाही त्यात थोडं समाधान मिळालं.

दिवस बदलला. गुरुवारी प्रश्न, पुढच्या बुधवारी वही परत. मध्ये प्रत्येक घराची सुट्टी कधी ना कधी येतेच.

‘आई-बाबांना विचारा’ हे शब्द गेले, ‘घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाला विचारा’ असं आलं. वर्गात एक मुलगा मावशीकडे राहतो, एका मुलीचे वडील आखातात आहेत. आधीच्या शब्दांनी या मुलांना दर आठवड्याला आठवण करून दिली असती.

विकत काही आणायचं नाही. लिहायचं मुलानेच, तीन ओळी असल्या तरी. शेवटी मोठ्या माणसाने एक वाक्य सांगायचं आणि मुलाने ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. सही किंवा अंगठा चालेल. त्यामुळे वाचता न येणारी आजी वाक्य सांगणारी झाली आणि लिहिणारं पोर तिचं वाक्य चुकू नये म्हणून तिला पुन्हा पुन्हा विचारू लागलं. “माका वाचूक येणा नाय” म्हणणाऱ्या त्या आजींचं वाक्य पुढे जवळजवळ दर आठवड्याला येत राहिलं.

याच धर्तीचं काम अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच उभं केलेलं आहे. त्यांच्या पद्धतीत संवादाचा ताबा मुलाकडे असतो, पालकांनी विषय शिकवायचा नसतो, पुरेसे दिवस दिलेले असतात आणि शेवटी पालकांना दोन शब्द कळवायला जागा असते. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या वर्गातल्या घरांची अडचण बघून त्या साधारण त्याच जागी पोचल्या होत्या. मी नंतर सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “तिकडे परत आलेल्या वह्यांचं काय करतात?”

त्यांच्याकडे त्याचं उत्तर होतं. गुरुवारचे पहिले दोन तास. बुधवारी वह्या आल्या की बाई त्या तपासत नसत, लाल शाईने खुणाही करत नसत. फक्त वाचत आणि त्यातून गुरुवारचा धडा शोधत. मुलांनी आणलेलं पुस्तकातल्या कुठल्या पानाला जाऊन भिडतं, ते बघत. आणि प्रश्न निवडताना एक अट पाळत, की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न घरी पाठवायचा नाही.

शिकवणीच्या ताईला बाई स्वतः भेटल्या. तिला सांगितलं की घरच्या वहीला हात लावू नकोस, त्याऐवजी रोज प्रत्येकाकडून एक पान मोठ्याने वाचून घे. तिला ते आवडलं. पालकांनाही पटलं, कारण पैसे वाया जात नव्हते.

पाण्याचा आठवडा

सप्टेंबरच्या अखेरीस दिलेला प्रश्न असा होता: तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं, कशाकशात भरता, कोण भरतं? एक लिटरची बाटली घेऊन कळशीत किती बाटल्या पाणी मावतं ते मोजा.

तिसरीच्या गणितात धारकता आहेच. पुस्तकात ती मापपात्रांच्या चित्रांनी शिकवतात. इथे कळशी, हंडा, बादली, पिंप, रंगाचा रिकामा डबा, सगळं वहीत उतरलं. कुणाची कळशी नऊ बाटल्यांची, कुणाची बाराची. मग गुणाकार आपोआप आला. नऊ लिटरच्या चार कळशा म्हणजे किती? आणि घरात माणसं सहा असतील तर एकाच्या वाट्याला किती? बाईंनी फळ्यावर उदाहरण मांडायच्या आत मुलं बोटांवर करू लागली होती. ऑगस्टमध्ये पाढ्यांबद्दल विचारणाऱ्या त्या वडिलांच्या मुलीने घरी जाऊन नऊचा पाढा कळशीवर म्हणून दाखवला, हे बाईंना त्यांनीच नंतर सांगितलं.

पाणी भरतं कोण, या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोजली तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, सगळीकडे आईच आहे.” पुष्कळ घरांत खरंच तसं होतं. काही मुलींनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, एकाही मुलाने लिहिलं नव्हतं. बाईंनी यावर काही टिप्पणी केली नाही, फक्त तो तक्ता भिंतीवर आठवडाभर राहू दिला.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत मुंबईच्या तलावांची पातळी रोज छापून येत होती. बाईंनी कात्रण आणलं. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. सात नावं फळ्यावर आणि शेजारी नकाशा. सातांपैकी दोनच, तुळशी आणि विहार, मुंबईच्या हद्दीत आहेत. बाकीचं पाणी फार लांबून येतं. एकट्या भातसातून साधारण निम्मं.

तानसाचं नाव लिहिलं तेव्हा एक मुलगी उठली. तिच्या आईचं माहेर शहापूर तालुक्यात, जिथे तानसा धरण आहे. तिच्या वहीत मोठ्या माणसाचं वाक्य होतं: “आमच्या गावाजवळून मोठा पाइप जातो, आणि उन्हाळ्यात गावात टँकर येतो.”

वर्ग थोडा वेळ गप्प राहिला आणि मग प्रश्नांचा भडिमार झाला. पाइप जातो तर पाणी का नाही? पाइपला नळ का नाही लावत? ते पाणी आपलं की त्यांचं? टँकर कुठून भरून येतो? तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं, म्हणजे पणजोबांच्याही आधी; तेव्हापासून हे असंच आहे का? बाईंनी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं: धरण शहरासाठी बांधलं गेलं, गावं उंचावर किंवा पसरलेली असली की तिथे पाणी चढवायला वेगळी योजना लागते, पैसा लागतो, आणि तो कुणावर खर्च करायचा हे माणसं ठरवतात. पुढच्या गुरुवारचा प्रश्न मुलांनीच ठरवला: तुमच्या गावी पाणी कुठून येतं? त्या आठवड्यात गावी फोन गेले. विहीर, बोअर, पऱ्ह्या म्हणजे ओढा, नळयोजना असं करत जिल्ह्याजिल्ह्यांचं पाणी त्या भिंतीवर आलं.

हा आठवडा इतका रंगला त्यामागे बाईंचं कौशल्य आहेच. तरी मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या मुलीची आई शहापूरची आहे हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. ती धुणीभांडी करते, शाळेत तिचं येणं कमी. तलावांच्या धड्यात तिच्याकडे जे होतं ते पुस्तकात नव्हतं, आणि एक वाक्य सांगायची जागा ठेवली नसती तर ते वर्गापर्यंत पोचलं नसतं.

जुनी वस्तू

दिवाळीनंतरचा प्रश्न होता, घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती आणि ती कुणाची? एका मुलाच्या घरी आजोबांचा गिरणीचा पास निघाला. त्याला तो शाळेत न्यायचा होता, आजोबांनी साफ नकार दिला. मुलगा रडत आला. बाईंनी आजोबांना भेटून विचारलं तेव्हा कारण कळलं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे केलेल्या अर्जाला गिरणीत काम केल्याचे पुरावे लागतात. तो पास, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवलेले. तो कागद आठ वर्षांच्या मुलाच्या दप्तरातून शाळेत पाठवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

तेव्हापासून नियम झाला: मूळ वस्तू किंवा कागद शाळेत आणायचा नाही, चित्र काढून आणायचं. ज्या शिक्षकांना असा प्रश्न द्यायचा आहे त्यांनी हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

आजोबा मात्र स्वतः वर्गात आले. पहिली पाळी सकाळी सातची, भोंगा झाला की अख्खी चाळ कशी हलायची, डबा घेऊन पोरं फाटकापाशी कशी धावायची, हे त्यांनी सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मग त्यांचा जन्म कधीचा? चार अंकी वजाबाकी तिसरीत अजून झालेली नसते. बाईंनी भिंतीवर दहा-दहा वर्षांच्या खुणा करून रेषा आखली आणि मुलं १९८२ वरून मागे मोजत १९६० ला पोचली. पुढच्या महिन्यात त्याच रेषेवर प्रत्येकाने घरातल्या माणसांची नावं लावली. संपानंतर काय केलं, असं एका मुलीने विचारलं. “गावाक गेलंय, परत इलंय, मग भाजी विकली,” आजोबा म्हणाले. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, “माझे आजोबा पण.”

बाईंचं ओझं

पस्तीस वह्या वाचायला बुधवारची संध्याकाळ जाते. वर्षभरात काही आठवडे चुकले, कारण बाई निवडणुकीच्या कामावर होत्या. परीक्षेच्या आठवड्यांत प्रश्न दिला नाही, गणपतीत आणि दिवाळीच्या सुट्टीतही नाही. दर आठवड्याला काहीतरी दिलंच पाहिजे असा हट्ट धरला असता, तर हे डिसेंबरात थांबलं असतं असं मला वाटतं. शाळेत पहिलीच्या आयांसाठी सुरू झालेला माता पालक गट होता, त्याचा इथे उपयोग झाला. त्यातल्या काही आयांची मोठी मुलं तिसरीत होती. या आठवड्याचा प्रश्न काय, हे त्याच एकमेकींना जिन्यात सांगत.

काय दिसलं आणि काय नाही

गुण वाढले का, हा प्रश्न मला प्रत्येक मुख्याध्यापक विचारतात. या एका वर्गावरून तसा दावा मी करणार नाही. हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या गृहपाठावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात माध्यमिकच्या तुलनेत प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बराच कमजोर दिसला. आधीच्या रोजच्या उतरवून घेण्याला ते लागू आहे, तसं घरच्या वहीलाही आहे. त्या वर्षी वर्गाचं वाचन सुधारलं, पण शिकवणीत रोजचं पान मोठ्याने वाचणंही त्याच काळात सुरू झालं होतं. श्रेय कुणाला द्यायचं हे वेगळं करता येत नाही.

जे दिसलं ते वह्यांमध्ये दिसलं. जुलैत एका ओळीत उरकणारी मुलं जानेवारीत अर्धं पान लिहीत होती, आणि त्यात संवाद येऊ लागले होते: आजी म्हणाली, मग मी विचारलं, मग ती म्हणाली. आधी रोज उभी राहणारी मुलं आता उभी राहत नव्हती, कारण उभं करणंच थांबलं होतं. त्यांतल्या बहुतेकांच्या वह्या बुधवारी येऊ लागल्या. दोघांच्या शेवटपर्यंत नियमित आल्या नाहीत. त्यांतल्या एका मुलाच्या घरी संध्याकाळी बोलायला खरंच कुणी नसायचं. बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत शाळेतल्या शिपाईकाकांना विचारायला सांगितलं आणि त्याची पुढची सगळी उत्तरं काकांची आली. कोकणातल्या भातलावणीबद्दल वर्गात सगळ्यात जास्त लिहिलं ते त्याने.

सगळ्या पालकांना हे आवडलं असंही नाही. दोन घरांनी मार्चमध्ये इंग्रजी माध्यमात प्रवेश घेतला. त्यामागे गृहपाठ हे कारण नसेल, पण पाढ्यांची शंका विचारणाऱ्यांत तीही घरं होती. शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो येतात तेव्हा त्यांच्याबद्दलचा प्रश्न देऊ, असं ठरलं होतं. भरती-ओहोटीच्या वेळा, घरच्यांची सुट्टी आणि शाळेची वेळ जुळली नाही आणि तो राहिला.

चौथीचं काय

शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच ती तरतूद केली आहे. एप्रिलच्या बैठकीत याच वर्गातल्या दोन आयांनी घरची वही चौथीतही हवी असा विषय मांडला. चौथीच्या बाईंची तयारी आहे, पण शिष्यवृत्तीचा सराव आणि शिवछत्रपतींचा इतिहास यांतून दर आठवड्याला वेळ काढणं त्यांना जमणार नाही. त्यांनी महिन्यातून दोनदा असं सुचवलं आणि समितीने ते मान्य केलं. इतिहासाच्या पुस्तकातले किल्ले ज्यांच्या गावाजवळ आहेत अशा घरांची यादी करायला त्यांनी आताच सांगितलं आहे.

गुरुवारचे पहिले दोन तास मात्र चौथीच्या वेळापत्रकात अजून बसलेले नाहीत. मुख्याध्यापकांनी शनिवारचा एक तास देऊ केला आहे. तिसरीच्या बाईंचं म्हणणं, एका तासात पस्तीस घरं मावत नाहीत. तेवढाच मिळणार असेल तर वही महिन्यातून एकदाच घरी पाठवा, पण ती परत आली की तिच्यावर वर्गात पुरेसं बोला. मीही त्यांच्याच बाजूने बोलले. निर्णय जूनमध्ये, पट नक्की झाल्यावर होईल.